मे महिन्यात टँकर जमिनीत ओतला, त्याची गोष्ट

आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ एक हिरवी पाटी होती : 'येथे पर्जन्यजल संधारण केले जाते'. बिल्डरनं ताबा देताना लावलेली. पाटीच्या जोरावर आम्ही मालमत्ता करातली ५ टक्के सवलत इमानेइतबारे घेत होतो. पाणी कुठे जातं, हे अकरा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पाहिलं ते माळीमामांनी, आणि तेही चुकून. २०१९ च्या एप्रिलमध्ये जास्वंदीचं रोप हलवताना त्यांची कुदळ पाइपला लागली. गच्चीवरून खाली येणारा तो पावसाळी पाइप दोन फूट मातीत गेला होता आणि तिथेच संपला होता. पुढे ना खड्डा, ना जाळी, ना बोअर. विटांचे तुकडे, सिमेंटची रिकामी पोती आणि बांधकामावरची एक तुटकी घमेली, एवढा ऐवज निघाला. मामा मला हाक मारायला वर आले. "ताई, तुमचं हार्वेस्टिंग सापडलं," म्हणाले.

मी तेव्हा सोसायटीची खजिनदार होते. टँकरची बिलं माझ्याच हातून जायची. पुण्यात पाषाण-सूस रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्यांना टँकर काही नवा नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणं मिळून २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास साठवण असलेल्या शहरात आपण दहा हजार लिटरला हजार-बाराशे रुपये मोजतो, याचं आश्चर्य वाटायचंही आम्ही सोडून दिलं होतं. त्या वर्षी मात्र फेब्रुवारीतच बोअरला हवा लागली आणि मार्चचा टँकरचा आकडा पाहून मला खरोखर घाम फुटला.

कमिटीपुढे विषय ठेवला. तिथून तो सर्वसाधारण सभेत गेला आणि सभेत जे व्हायचं ते झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी कसं आणलं, वाटेत हवेसाठी उच्छ्वास कसे बांधले, शहरात हौद कुठेकुठे होते, हे वीस मिनिटं सांगितलं. पाण्यावरच्या सभेत कात्रजचा नळ निघाला नाही तर ती पुण्यातली सभा कसली! माहिती सगळी खरी होती. फक्त आमच्या गच्चीचं काय करायचं, ते त्यात नव्हतं.

गच्चीचा हिशेब मी घरी बसून केला. तो सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमच्या 'ए' आणि 'बी' अशा दोन इमारती, प्रत्येकीची गच्ची साधारण ४५० चौरस मीटर. पुण्याचा पाऊस वर्षाला साडेसातशे मिलिमीटर धरला, त्यातला पाचवा हिस्सा वाफ, शिंतोडे आणि गळती म्हणून सोडला, तर ५ लाख ४० हजार लिटर हाताशी राहतं. चोपन्न टँकर! मी हा आकडा मोठ्या अभिमानानं ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत 'बी' इमारतीतल्या एका कॉलेजातल्या मुलानं उत्तर दिलं, "काकू, ४८ फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर. दिवसाला २६ हजार लागतात. म्हणजे हे एकवीस दिवसांचं पाणी झालं."

एकवीस दिवस. वर्षभराचा सगळा पाऊस गोळा करून एकवीस दिवस. थोडी खट्टू झाले, पण ते बरंच झालं म्हणायचं. नंतर ज्यांनी ज्यांनी "आता टँकर कायमचा बंद" अशा गप्पा मारल्या, त्यांना मी हाच आकडा ऐकवला.

कोटेशनं मागवली. तीन जण आले आणि तिघांनीही गच्चीवर न जाता कोटेशन दिलं. त्यातल्या सगळ्यात स्वस्त माणसाचा प्रस्ताव कमिटीला फार आवडला. आमच्याकडे दोन बोअर. एक बिल्डरनं मारलेला १८० फुटांचा, फेब्रुवारीपर्यंत चालणारा. दुसरा आम्ही २०१६ मध्ये पाणाड्या आणून, त्याच्या तळहातावरचा नारळ जिथे उभा राहिला तिथे मारलेला, ४५० फुटांचा. त्यातून फुफाट्याशिवाय काही निघालं नव्हतं. त्या कंत्राटदाराचं म्हणणं असं की, कोरडा बोअर नुसताच पडून आहे, गच्चीचे सगळे पाइप त्यातच सोडू. खर्च कमी, चालू बोअरला धक्का नाही. ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटलं की आम्ही जवळजवळ आगाऊ रक्कम देऊन बसलो होतो.

अडवलं ते माझ्या मावसदिरांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी. भूजलाच्या सरकारी नोकरीत आयुष्य गेलेलं, निवृत्त झालेले. संध्याकाळी चहाला आले, दोन्ही बोअर पाहिले आणि विचारलं, "पाणी पितो का हा?"

"कोण?"

"हा बोअर हो. प्यायला तयार आहे का, ते विचारलंत का त्याला?"

मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर आमच्या पायाखालचं चित्र काढलं. आपला दख्खनचा खडक म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. वर माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. खडकातही प्रकार आहेत. काही ठिकाणी तो भेगाळलेला, बारीक पोकळ्यांचा असतो, तर काही ठिकाणी अखंड काळा फत्तर, ज्यात पाण्याला शिरायला नखाएवढी जागा नाही. पाणी असतं ते भेगांत, सांध्यांत आणि दोन थरांच्या मधल्या जागेत. "वाळूच्या नदीकाठी कुठेही ओता, मुरतं. इथे तसं नाही. ज्या बोअरला पाणी लागलं नाही, त्याला भेगच लागली नाही. मग ज्या वाटेनं पाणी आलं नाही, त्या वाटेनं ते जाणार कसं?"

त्यावर कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, साहेब, थिअरी वेगळी आणि प्रॅक्टिकल वेगळं. गृहस्थ हसले. "मग प्रॅक्टिकलच करू. टँकर मागवा एक."

मे महिन्याचा तिसरा आठवडा. नळाला पाणी दिवसाआड, तेही तासभर. अशात रविवारी सकाळी दहा वाजता दहा हजार लिटरचा टँकर फाटकातून आत आला आणि टाकीकडे न जाता मागच्या कोरड्या बोअरपाशी उभा राहिला. बायका बादल्या घेऊन गॅलरीत आल्या. ड्रायव्हरनं मला तीनदा विचारलं, "मॅडम, नक्की इथंच?" मी मान हलवली. त्यानं नळी बोअरमध्ये सोडली आणि कॉक उघडला.

तिसऱ्या मिनिटाला बोअर काठोकाठ भरला आणि पाणी बाहेर सांडून जास्वंदीकडे निघालं. कॉक बंद केला. सगळे आत डोकावून पाहू लागले. पाणी ढिम्म हलेना. सहा इंची, ४५० फुटांच्या भोकात अडीच हजार लिटर मावतं. तेवढं मावलं आणि संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तरी पाणी जवळजवळ तिथेच. आम्ही फत्तरात एक उंच, अरुंद पिंप खणून ठेवलं होतं, एवढंच.

उरलेलं साडेसात हजार लिटर बिल्डरच्या बोअरला दिलं. तिथे नळी सोडली आणि आतून आवाज आला. विहिरीत दगड टाकल्यावर येतो तसा नव्हे, लांबून ओढा ऐकू यावा तसा. तो कॉलेजातला मुलगा मोबाइलवर वेळ लावून उभा. ड्रायव्हरनं कॉक थोडा आवळला, मग बोअर वरपर्यंत न येता पीतच राहिला. सत्तावीस मिनिटांत सगळं पाणी खाली. म्हणजे तासाला साडेसोळा हजारांच्या वर. गृहस्थांनी कागदावर आकडा लिहिला आणि म्हणाले, "तासाला ५० मिलिमीटर असा मोठा पाऊस धरला, तर पाचवा हिस्सा सोडून तुमच्या एका गच्चीवरून १८ हजार लिटर येतं. म्हणजे ह्या बोअरला जेमतेम एकच गच्ची. दोन दिल्यात तर तोंडाशी येईल."

वरच्या गॅलरीतून एक आजी ओरडल्या, "अगं, पाणी नाही प्यायला आणि तू जमिनीत ओततेस काय?" त्यांना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पण त्या बाराशे रुपयांनी आमचे लाख-दीड लाख वाचवले, हे मी आजही शपथेवर सांगेन.

कंत्राटदार बदलला. आम्ही एक प्लंबर शोधला, लातूरकडचा. २०१६ मध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या गावचा. तो पहिल्यांदा गच्चीवर गेला. खाली आला आणि म्हणाला, "ताई, नीळ आणा. कपड्याची." दोन डबे आणले. त्यानं दोन्ही इमारतींचे बारा पावसाळी पाइप वरून एकेक करून निळ्या पाण्यानं तपासले, कोण कुठे निघतो ते. गंमत झाली ती उलट्या बाजूनं. पाइप खालून उघडे करून ठेवल्यावर, वरून काहीही न ओतता, बारापैकी सात पाइपांतून साबणाचा फेस यायला लागला. सकाळचे साडेनऊ, सगळ्यांची वॉशिंग मशीनं चालू.

ड्राय बाल्कनीचं, म्हणजे धुण्याच्या गॅलरीचं, पाणी कुणी पावसाळी पाइपात सोडलं होतं. कुणी कशाला, सात पाइप म्हणजे निम्म्याहून जास्त घरं आलीच त्यात. काहींचं बिल्डरनंच तसं जोडलेलं, काहींनी नंतर भिंत फोडून जोडलेलं. चौथ्या मजल्यावरच्या एका घराची सिंकची मोरीसुद्धा त्यातच होती. त्या काकू म्हणाल्या, "आमच्या सिंकमधलं तर फक्त भाज्या धुतल्याचं पाणी असतं." ह्यातलं काहीच आम्हाला माहीत नसताना सगळे पाइप बोअरला जोडले असते, तर आमचं भूजल पुनर्भरण म्हणजे वर्षभर, रोज सकाळी, सर्फचं पाणी थेट बोअरमध्ये. सवलत वर पाच टक्के.

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला. पाइप टाकायला आठ दिवस लागले, पण ती जोडणी वेगळी करू द्या म्हणून घराघरात जाऊन विनवायला पाच आठवडे. एका घरी मी चार वेळा गेले. टाइल्स फुटतील, नव्या मिळणार नाहीत, हेच उत्तर. शेवटी प्लंबरनं त्यांच्या आईंना खाली नेलं, पाइपातून येणारा फेस दाखवला आणि म्हणाला, "आजी, ह्येच पाणी पुन्हा वर येणार हाय तुमच्या नळाला." आजींनी वर जाऊन मुलाला काय सांगितलं कोण जाणे, संध्याकाळी टाइल्स फोडायची परवानगी आली.

बाकीचं काम त्यामानानं सरळ. 'ए' इमारतीची गच्ची बोअरला. बोअरभोवती सहा बाय सहा आणि आठ फूट खोल खड्डा, मधून जाणाऱ्या केसिंगला, म्हणजे बोअरच्या पाइपला, भोकं पाडून त्यावर नायलॉनची जाळी घट्ट गुंडाळलेली, तळाशी मोठे गोटे, त्यावर खडी, त्यावर बारीक खडी, सगळ्यात वर वाळू. पाणी वाळूतून झिरपत खाली जाणार आणि भोकांतून बोअरमध्ये शिरणार. 'बी' इमारतीची गच्ची बागेच्या जुन्या २० हजार लिटरच्या टाकीला, आधी जाळीच्या फिल्टरमधून. ते पाणी झाडांना, जिने धुवायला आणि पार्किंगमधल्या संडासाला. टाकी भरली की उरलेलं रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात. पार्किंगमध्ये पडणारं पाणी मात्र कुठल्याच बोअरला द्यायचं नाही, हे त्या गृहस्थांनी आम्हाला लिहून घ्यायला लावलं होतं. तेल, ग्रीस, कुत्री, सगळं तिथेच. खर्च दोन लाख पस्तीस हजार, घरटी चार हजार नऊशे. त्यात ड्राय बाल्कन्यांचं फोडकाम धरलेलं आहे. ते नसतं तर पाऊण लाख कमी.

गच्चीचं वेगळंच. कबुतरं हा पुण्यातला राष्ट्रीय प्रश्न आहे आणि आमच्या गच्चीवर रोज सकाळी कुणीतरी पुण्य म्हणून ज्वारी टाकत होतं. कोण, ते सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. सेक्रेटरींनी गच्चीला कुलूप लावलं. त्यावर पापड-कुरडयांचा गट उठला. तडजोड अशी निघाली की १५ मेनंतर वाळवणं बंद, गच्ची झाडून आणि धुऊन कोरडी, आणि ज्वारी बारमाही बंद.

प्रत्येक इमारतीच्या मुख्य पाइपाला एक व्हॉल्व्ह. वळवाच्या पहिल्या दोन सरींत गच्चीची धूळ, शेवाळ, विष्ठा वाहून येते, तेवढं पाणी गटारात सोडायचं. मग व्हॉल्व्ह बंद करायचा, की पाणी फिल्टरकडे वळतं. मी सुवाच्य अक्षरात लिहून तिथे कागद चिकटवला : 'पहिल्या दोन पावसांनंतर बंद करणे'.

त्या वर्षी मान्सून रेंगाळला, जून संपत आला तेव्हा पुण्यात पोचला. पण आला तो असा आला की बस्स. आम्ही रोज संध्याकाळी गॅलरीतून पाऊस बघायचो आणि एकमेकांना सांगायचो, "भरतोय हो बोअर." अठरा दिवसांनी तो कॉलेजातला मुलगा बोअरची पातळी मोजायला दोरी-वजन घेऊन गेला आणि परत येऊन म्हणाला, "काकू, व्हॉल्व्ह उघडाच आहे."

पहिल्या पावसाच्या आठवड्यात रात्रीचा वॉचमन बदलला होता. नवा माणूस बिहारचा. माझं सुवाच्य मराठी त्याला काय कामाचं? बरं, जुन्याला तरी 'बंद' म्हणजे दांडी आडवी की उभी, हे कुणी दाखवलं होतं? अठरा दिवसांचा पाऊस आम्ही वाजतगाजत गटाराला दिला. आता तिथे कागद नाही. व्हॉल्व्हच्या मागे भिंतीवर ऑइलपेंटनं दोन बाण आहेत. आडवा बाण आणि बोअर, उभा बाण आणि गटार. चित्र माळीमामांनी काढलंय, बोअर थोडा गणपतीच्या मुकुटासारखा दिसतो, पण कळतं.

त्यानंतर वाळू तुंबली. ऑगस्टमध्ये खड्ड्यावर पाणी साचून राहिलं आणि डास झाले. वरची चार बोटं वाळू काढून धुऊन परत भरली. तेव्हापासून ते दरवर्षीचं काम झालंय, मे महिन्यात, दोन मजूर, एक दिवस. कोटेशन देणाऱ्या तिघांपैकी एकानंही हे सांगितलं नव्हतं. पाइप टाकला की झालं, असंच सगळे समजतात. निम्मं काम त्यानंतरचं आहे, आणि ते दरवर्षी नव्यानं कुणाला तरी आठवावं लागतं.

२५ सप्टेंबरच्या रात्री शहरात जो पाऊस झाला, तो पुणेकर विसरणार नाहीत. आंबिल ओढ्याकाठी अरण्येश्वर, सहकारनगर भागात माणसं वाहून गेली. आमच्याकडे तेवढा कहर नव्हता. पण त्या रात्री टाकी भरून वाहत होती, फिल्टरच्या खड्ड्यावर गुडघाभर पाणी होतं आणि व्हॉल्व्ह उघडून सगळं गटारात सोडावं लागलं. गटारानंही ते घेतलं नाही, पार्किंगमध्ये आलं. गच्चीवरच्या पाण्याला जागा देणं म्हणजे पूर थांबवणं, असं मला आधी थोडंफार वाटायचं. त्या रात्री पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून छत्रीत उभी असताना ते वाटणं गेलं.

ऑक्टोबरमध्ये बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजला, ४१०. आधी तो ९४० होता. बादल्यांवरचे पांढरे डाग कमी झाले, हे मात्र मीटर नसतानाही सगळ्यांना दिसलं. २०२० साली बोअर एप्रिलच्या अखेरपर्यंत चालला. सभेत टाळ्या पडल्या. मीही घेतल्या. पण खरं सांगायचं तर २०१९ चा पाऊस सरासरीच्या कितीतरी वर होता, त्या वर्षी पुण्यातले बहुतेक बोअर लांबले असणार. आमचं श्रेय किती आणि आभाळाचं किती, हे तेव्हा सांगता आलं नसतं.

ते २०२४ मध्ये थोडंफार कळलं. २०२३ चा पाऊस ओढीचा गेला. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या भागात टँकरची रांग लागली. आमचा बोअर मार्चच्या मध्यावर आटला. फेब्रुवारीऐवजी मार्च, म्हणजे महिना-सव्वा महिना मिळाला, तोही कमी पावसाच्या वर्षात. मला ते भरपूर वाटलं. कमिटीतल्या काहींना अजिबात वाटलं नाही. आणि त्यातच बातमी आली की उताराच्या बाजूला, राम नदीकडे, जी सोसायटी आहे, तिचा बोअर मे उजाडला तरी चालूच आहे. त्यांनी पुनर्भरण वगैरे काहीच केलेलं नाही.

सभा तापली. "म्हणजे चार हजार नऊशे आम्ही भरायचे आणि पाणी त्यांनी प्यायचं?" काकांनीही कात्रज सोडून हाच प्रश्न विचारला. मी त्या निवृत्त गृहस्थांना फोन लावला. ते फोनवर मनसोक्त हसले. म्हणाले, "वहिनी, भेगांना सोसायटीचं कंपाउंड दिसत नाही हो. पाणी उताराला जाणार. तुमच्याकडे तरी ते कुठून येतं? वरच्या टेकडीवरून. टेकडीला कधी बिल दिलंत?"

मी हे सभेत सांगितलं. तोडगा काही निघाला नाही, पण बंद करा असंही कुणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी मी उतारावरच्या त्या सोसायटीत गेले. त्यांच्या सेक्रेटरी बाई शाळेत शिकवतात. त्यांना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावरचं तेच चित्र काढून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमची गच्ची केवढी असेल हो?" त्यांच्याकडे टँकरचं पाणी बोअरमध्ये ओतायला मीच उभी होते. ह्या वेळी आजी ओरडल्या नाहीत, त्यांच्याकडच्या आजोबांनी व्हिडिओ काढला. बोअर छान पितो त्यांचा. ड्राय बाल्कन्यांचं विनवणं मात्र अजून चालू आहे.

गेल्या जूनमध्ये, दुसऱ्या पावसाच्या रात्री साडेअकराला, मोबाइल वाजला. त्याच बाईंचा मेसेज.

"ताई, झोपलात का? तुमचा व्हॉल्व्ह बंद केला का बघा."

छत्री घेऊन खाली गेले. बॅटरीच्या उजेडात पाहिलं, दांडी आडवी होती. वॉचमन खुर्चीतून उठून म्हणाला, "मॅडम, दस बजे ही कर दिया."